तक्रार असलेली दिंडी



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने २००९ सालचं महाबळेश्वर विसरू नये असं मला वाटतं. त्या वर्षीचं अखिल भारतीय संमेलन अध्यक्षाविना झालं. ‘झोंबी’ लिहिणाऱ्या आनंद यादवांची रीतसर निवड झाली होती. मग ‘संतसूर्य तुकाराम’ या त्यांच्या कादंबरीवरून वारकऱ्यांमध्ये संताप उसळला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी विरोध शमला नाही. शेवटी त्यांनी राजीनामा दिला आणि संमेलन तसंच पार पडलं. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०२० मध्ये उस्मानाबादला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हाही एका धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून ओरड झाली. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणाऱ्या माणसाच्या मराठीबद्दल मात्र कोणी शंका घेतली नाही. तेवढाच दिलासा.

या दोन्ही प्रसंगांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं, आणि बहुतेक सगळं एकाच साच्यात. एका बाजूला अभिव्यक्तिस्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला दुखावलेल्या भावना. इंद्रायणीत बुडवलेल्या तुकारामाच्या वह्यांचा दाखला दोन्हीकडचे लोक देतात, म्हणून मी तो देत नाही. माझी भूमिका एका वाक्यात सांगून टाकतो: पुस्तक मागे घ्यायला लावणं चूक होतं. न आवडलेल्या कादंबरीला दुसरी चांगली कादंबरी लिहून उत्तर द्यावं. पण एवढं म्हणून हात झटकले तर एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो आपल्याला, लिहिणाऱ्यांना, विचारायचा आहे.

१९७४ साली दि. बा. मोकाशींची ‘आनंदओवरी’ आली. तीही तुकारामावरची कादंबरी. तुकाराम घरी परतलेला नाही आणि धाकटा भाऊ कान्हा त्याला शोधत फिरतो आहे, एवढीच गोष्ट. या कान्हाला भावाची थोरवी कळते, पण घर मोडल्याचा सलही त्याच्या मनातून जात नाही. या कादंबरीत वैकुंठाचं विमान येत नाही, तिथे आहे एक न सापडणारा माणूस आणि मागे उरलेलं कुटुंब. तिच्यावर मोर्चा आला नाही. पुढे रंगमंचावरही ती आली, लोकांनी ती डोळे पुसत पाहिली. १९७४ आणि २००९ यांच्या मधल्या काळात समाज चिडका झाला, संघटना वाढल्या, राजकारण शिरलं, हे सगळं मान्य. पण माझ्या मते आणखी एक गोष्ट घडली. मराठी लेखक श्रद्धेच्या आसपास दिसेनासा झाला. आणि जो माणूस आपल्यात कधी दिसत नाही, त्याने आपल्या घरातलं काही लिहिलं की लोक आधी संशयानेच वाचतात.

मोकाशींचं तसं नव्हतं. पोटासाठी ते रेडिओ दुरुस्त करत. वारीवर लिहायचं ठरवलं तेव्हा पालखीबरोबर चालत पंढरपूरला गेले आणि १९६४ मध्ये ‘पालखी’ हे पुस्तक दिलं. भक्त म्हणून ते गेले नव्हते, आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. पायाला फोड आले तर फोड आले म्हणून लिहिलं. कोणी कुठे झोपलं, कोणाला जेवण मिळालं नाही, कोण कशासाठी वारीला येतं, हे विचारत गेले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची ती सवय असावी, मागचं झाकण काढून आत पाहायची. देव आहे की नाही हा प्रश्न ते अंगाला लावूनच घेत नाहीत. माणसं देवाशी कशी वागतात आणि देवाच्या वाटेवर एकमेकांशी कशी वागतात, एवढंच पाहतात.

त्यांच्याही आधी इरावतीबाई कर्वे चालल्या होत्या. ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख आपल्यापैकी अनेकांना अभ्यासाला होता. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांना सापडलेली व्याख्या आपण भाषणांतून इतकी वापरली की तिची धार गेली. त्याच लेखातली दुसरी गोष्ट सांगायला आपण सोयीस्करपणे विसरतो. दिवसभर एका तालावर चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र वेगवेगळ्या पंक्तींना बसत होती, ब्राह्मण वेगळे, मराठे वेगळे. इरावतीबाईंना ते खुपलं आणि त्यांनी ते लिहिलं. वारीवर त्यांचं प्रेम होतं म्हणूनच त्यांना ते इतकं खुपलं. लांबून आलेल्या पाहुणीने नुसती नोंद केली असती.

आता मी तुम्हाला प्रत्यक्ष वारीतली एक रीत सांगतो. वारी केलेल्यांना ती ठाऊक आहे, बाकीच्यांनी ती एकदा जाऊन पाहावी. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. शेकडो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड उंचावतो आणि मोठ्याने हाळी देतो. त्यासरशी सगळे टाळ थांबतात. लाखाचा जमाव क्षणात गप्प होतो. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. ती शिस्त मोडत नसते. तिची काहीतरी तक्रार असते. पाण्याचा टँकर आला नाही, तंबूची जागा दुसऱ्याने घेतली, चालताना क्रम मोडला, असं काहीतरी. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, म्हणणं ऐकून घेतो, मानकऱ्यांपर्यंत पोचवतो. निवाडा होतो, टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, आणि त्यानंतर आरती.

हा सोहळा अशा शिस्तीत बांधला तो हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार. दिंड्यांचे क्रमांक, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या, घोडे, जरीपटका, या सगळ्यांत फौजेतला माणूस दिसतो. पण फौजेत वाढलेल्या माणसाने उभारलेल्या सोहळ्यात तक्रारीला अशी जागा असावी, याचं मला नेहमी नवल वाटतं. तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही.

मला साहित्य ही त्या टाळ न थांबवणाऱ्या दिंडीसारखी गोष्ट वाटते. ती पालखीभोवतीच्या त्याच वर्तुळात उभी असते, इतरांच्याच वाटेने चालून आलेली असते, म्हणून तिचं ऐकलं जातं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून कोणी टाळ बडवत बसला तर चोपदार त्याच्याकडे कशाला जाईल?

इथे कोणी नेमाड्यांची आठवण काढेल. अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ १९७६ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आलं, पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. भालचंद्र नेमाड्यांनी त्यावर सडकून टीका केली. मुंबईहून सुटीला आलेल्या पर्यटकासारखं जेजुरीला जायचं, दगडधोंडे पाहायचे आणि परत फिरायचं, तिथे येणाऱ्या माणसाच्या श्रद्धेशी काही देणंघेणं नाही, असा त्या टीकेचा रोख होता. नेमाड्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. फक्त तो त्यांनी चुकीच्या पत्त्यावर पाठवला. ‘जेजुरी’ पुन्हा वाचा. एका बिजागरीवर लटकलेलं दार, पडक्या मारुतीच्या देवळात पिल्लं घेऊन राहिलेली कुत्री, देऊळ समजून गोठ्यात डोकावणारा माणूस. हे लांबून दिसत नाही. कोलटकर नमस्कार करत नाहीत, पण जिथे इतर सगळे नमस्कार करून पुढे जातात तिथे ते थांबतात आणि वाकून पाहतात. देवस्थानाकडे इतक्या निगुतीने पाहणाऱ्याला उपरा म्हणायला माझी जीभ वळत नाही. शिवाय नेमाड्यांच्या आक्षेपाचं खरं उत्तर कोलटकरांनी पुढे मराठीतच देऊन ठेवलं आहे. ‘चिरीमिरी’तले बळवंतबुवा मुंबईच्या वेश्यांना पंढरपूरला घेऊन जातात, त्या कविता वाचा. त्यात भाविकता आहे, चावटपणा आहे, पैशाचा हिशेब आहे, आणि यातलं काय कुठे संपतं ते सांगता येत नाही. एरवी देवळाच्या पायरीवर ज्यांना जागा मिळत नाही अशा बायका विठोबाशी ज्या सलगीने बोलतात, ती सलगी मराठी कवितेत जनाबाईनंतर फार कमी ठिकाणी दिसते. हे माझं मत. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी ‘चिरीमिरी’ वाचावी.

देवाशी सलगी आणि देवावर राग या दोन गोष्टी मराठीत नेहमी जोडीने आल्या आहेत. १९३६ साली प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला. दामले आणि फत्तेलाल हे दिग्दर्शक, शिवराम वाशीकरांची कथा, तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या चित्रपटात मला सगळ्यात खरी वाटते ती गौरीने केलेली तुकारामाची बायको जिजाई. म्हशीच्या धारा काढणारी, पोरांच्या पोटाची चिंता करणारी, नवऱ्याच्या देवाला काळ्या म्हणून शिव्या घालणारी. पोर आजारी पडतं तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन देवळात शिरते, विठोबाला मारायला. हा चित्रपट पाहायला खेड्यापाड्यांतून लोक बैलगाड्या जोडून येत. पडद्याला हात जोडणाऱ्या त्याच प्रेक्षकांना देवावर वहाण उगारणारी बाई चालत होती, किंबहुना आवडत होती. कारण तिचं भांडण त्यांच्या घरातलं होतं. आज हे दृश्य नव्याने चित्रित करून प्रदर्शित करायचं म्हटलं तर निर्माता आधी वकिलाचा सल्ला घेईल.

त्याच चित्रपटातला बीज-अंकुराचा अभंग शांताराम आठवल्यांनी लिहिला होता. पण तो तुकारामाचाच समजून लोकांनी भजनात घेतला, अजून म्हणतात. विसाव्या शतकातल्या एका गीतकाराची रचना गाथेत खपून जाते याचं श्रेय नुसत्या छंदावरच्या पकडीला देता येणार नाही. आठवले त्या हवेतच वाढले होते.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’बद्दलही हेच म्हणता येईल. पुन्हा १९७४. चाळीतले भाऊराव मरतात आणि स्वतःच्या मरणाचं कीर्तन स्वतःच लावतात. जुन्या स्मशानातच जळायचं म्हणून अडून बसतात. प्रेक्षक हसून लोटपोट होतात. कीर्तनाची टर उडवायला आधी कीर्तन यावं लागतं. झांज कुठे वाजते, बुवा आख्यानातून अभंगावर कसा घसरतो, गळा कुठे काढतो, हे आळेकरांच्या कानात पक्कं बसलेलं आहे. विडंबन इतकं नेमकं आहे की मूळ कीर्तनाबद्दलचं प्रेम वाढावं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर प्राजक्त देशमुखांचं ‘देवबाभळी’. आवलीच्या, म्हणजे याच जिजाईच्या, पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो आणि तिची काळजी घ्यायला रुसलेल्या रखुमाईलाच लखूबाई बनवून तिच्या घरी धाडतो. मग रंगमंचावर दोन बायका आणि त्यांच्या नवऱ्यांबद्दलच्या तक्रारी. एकीचा नवरा देवापायी घराबाहेर, दुसरीचा भक्तांपायी. ‘हाउसफुल्ल’चे फलक लागले, आणि प्रेक्षकांत माळकरी होते तसे देवळाची पायरी न चढणारेही होते. म्हणजे लोकांना असं काही नको आहे, हे म्हणणं खरं नाही. आपणच लिहीत नाही.

आपण काय लिहितो ते मी स्पर्धांच्या निमित्ताने वाचत असतो. हल्लीच्या मराठी कथेत श्रद्धा नेहमी आजीकडे असते. आजी तुळशीला पाणी घालते, आजीला आषाढीचं वेड असतं, आजी वारते आणि तिची तुळशीची माळ नातवाच्या हाती येते. नातू खिडकीबाहेर पाहतो. कथा संपली. या नातवाला स्वतःला काय वाटतं? तो शनिवारी काय खातो, परीक्षेच्या आधी कुठे जातो, बायकोच्या सोनोग्राफीच्या दिवशी कोणाचं नाव घेतो? पुण्यातले संगणक अभियंते आयटी दिंडी काढून चालतात, पण आमच्या कथेत ते फक्त नोकरी जाण्याच्या भीतीने रात्री जागे असतात. शिकलेल्या माणसाची श्रद्धा आणि शिकलेल्या माणसाची अश्रद्धा, दोन्हींना मराठी कथेत आज घर नाही. सुशिक्षित लेखकाला ती लिहिताना संकोच होतो. जवळ गेलो तर आपल्याला कोणत्या तरी पक्षाचे समजतील, ही एक भीती. लांबून टीका केली तर कोणी दारात येईल, ही दुसरी. मधल्या मध्ये तो आजीला पुढे करतो.

लेखकाने सोडलेली जागा रिकामी राहिली नाही. वारीच्या वाटेवर शुभेच्छांचे फलक असतात, त्यांवर विठोबा लहान आणि पुढारी मोठा. दिवे घाटात ड्रोन उडतात. वरून काढलेलं ते दृश्य सुंदर दिसतं यात वाद नाही, पण वरून पाय दिसत नाहीत. नऊवारी नेसून, डोक्यावर तुळस घेऊन चार पावलं चालायचं आणि ते चित्रित करून गाडीत बसायचं, अशा रील्सचा पाऊस आषाढाच्या पावसाआधी पडतो. यातल्या एकाही चित्रफितीत ट्रकच्या ताडपत्रीखाली दोरीवर वाळत घातलेली लुगडी नसतात. फुकटात दाढी करून देणारा नाभिक नसतो, चपला शिवून देणारा कारागीर नसतो, दिंडीची भिशी भरता आली नाही म्हणून यंदा घरी राहिलेली बाई तर नसतेच. श्रद्धेचं इतकं चित्रण आजवर कधी झालं नव्हतं, आणि त्यात माणूस इतका कमी कधी नव्हता.

मी आतापर्यंत पंढरपूरच्याच वाटेवर रेंगाळलो, कारण ती मला अधिक ठाऊक आहे. पण ही गोष्ट एका पंथाची नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. नवरा ख्रिस्ती झाला, काही वर्षं ताटातुटीत गेली, मग एकत्र राहू लागल्या तरी बाईंनी आपलं पाणी आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. तो विटाळ मनातून कसा गेला हे त्या पाण्याच्या घागरीतून आणि पानातल्या अन्नातून सांगतात. धर्मांतरासारखी प्रचंड गोष्ट, आणि ती घडते चुलीपाशी. ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास किती खोल होता हे ‘ख्रिस्तायन’ पुरं करण्याच्या त्यांच्या जिद्दीतून कळतं, पण तो कसा आला हे ‘स्मृतिचित्रे’च सांगतात, आणि तेही हसत हसत.

आणि श्रद्धा, कला, पुस्तक या तिन्ही गोष्टी आज एका जागी पाहायच्या असतील तर सहा डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, दादरच्या शिवाजी पार्कवर जा, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर. गावाकडून, रेल्वेच्या गर्दीतून उभ्याने आलेली माणसं पुस्तकं विकत घेऊन परत जातात. कडेला जमिनीवर पथारी टाकून पुस्तकांचे ढीग लावलेले असतात, पलीकडे वामनदादा कर्डकांची गाणी चाललेली असतात. अक्षर न वाचता येणारी म्हातारी नातवासाठी पुस्तक निवडते आणि शेजारच्याला त्याचं नाव वाचायला लावते. अभिवादन आणि पुस्तकखरेदी ही तिच्या लेखी दोन कामं नाहीत. वाचनसंस्कृती लयाला गेली, असा ठराव आपण दर संमेलनात करतो. ठराव लिहिणाऱ्या समितीने एकदा तिकडे जाऊन यावं.

प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आठवा. आंबेडकरी चळवळीची गाणी गाणारा, कव्वाली रंगवणारा हा गायक. पण आषाढीला गावोगावच्या देवळांवरच्या कर्ण्यांतून विठ्ठलाची जी गाणी वाजतात त्यांतला आवाज बहुतेक वेळा त्यांचाच असतो. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि पुढे आठ वर्षांनी त्या संतांच्या देवांना सोडून ते बाहेर पडले. चोखोबाला जवळ घेऊन विठोबाला सोडणं आणि आंबेडकरी गाणी गाणाऱ्या गळ्याने विठोबाची गाणी सगळ्यांहून गोड गाणं, या दोन गोष्टींमध्ये केवढी मोठी कादंबरी आहे! कोणी लिहिली असेल तर मला कळवा, माझ्या वाचनात नाही.

तरुण लेखक मंडळी इथे पुष्कळ आहेत, म्हणून आणखी एक विषय सुचवून थांबतो. २०२० च्या आषाढीला कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. शतकांची वाट रिकामी राहिली आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. फुलांनी सजवलेली लाल बस, आत मोजकी माणसं, तोंडाला मुखपट्ट्या, पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या, आणि एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते त्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या बसला चालक होता. त्याने त्या सकाळी घरातून निघताना बायकोला काय सांगितलं, पंढरपूरच्या अलीकडे वाखरीजवळ गाडी हळू केली की नाही, परत येताना त्याला काय वाटलं, डेपोत कागद भरताना प्रवाशांच्या रकान्यात त्याने काय लिहिलं, हे कोणीतरी लिहा. तो चालक माळकरी आहे की नास्तिक, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण लिहिण्याआधी एसटीच्या एखाद्या चालकाबरोबर त्या मार्गावर एक फेरी करून या, आणि त्याला बोलू द्या.

कवी मंडळी मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत, आणि त्यांचा राग ओढवून घेण्याइतका मी धीट नाही.